अकराव्या टप्प्यावरचं नाव

निरोप आला तेव्हा रुईश्यान टोफूच्या कढईशी होती. हात तेलकट, म्हणून तिनं फोन शेजारच्या शेवयांच्या गाडीवाल्या बाईपुढं सरकवला आणि म्हणाली, "वाच गं काय आहे ते." हीच चूक झाली, असं तिला पुढं आठवडाभर वाटत राहिलं. एकटीनं वाचला असता तर एकटीनंच काही सबब शोधता आली असती.

"'ताई, आई थंडीत गेली,'" शेजारीण सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागली. "'तिच्या थडग्यावरची मूठभर माती घेऊन मी येतेय. छिंगमिंगच्या दिवशी दुपारपर्यंत पोचेन. इतकी वर्षं तुम्ही माझ्या भावाला सांभाळलंत. एकदा तुमच्यापुढं डोकं टेकवायचंय. शौमेई.'" तिनं फोन खाली ठेवला आणि पदर नसल्यामुळं बाहीनं डोळे पुसले. "कधी बोलली नाहीस ती. कुणाला सांभाळतेस?"

"वरचा एक शिपाई आहे," रुईश्यान म्हणाली आणि टोफू उलटायला लागली. एका बाजूनं तो केव्हाच करपला होता.

वर म्हणजे डोंगरावर. बाजाराच्या पाठीमागून पायऱ्या सुरू होतात आणि बारा टप्पे चढत जातात. प्रत्येक टप्प्यावर ओळीनं थडगी, सगळी एका उंचीची, एका दगडाची, वर लाल तारा आणि खाली नाव. चाळीस वर्षांपूर्वी सरहद्दीवर महिनाभर लढाई झाली, त्यातली ही पोरं. बहुतेक लांबलांबच्या मुलखातली. त्यांच्या आयांनी हे गाव नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं.

त्यातल्याच एका शिपायाची, यानची, आई तेरा वर्षांपूर्वी एकदाच आली. उत्तरेकडच्या शानतुंगहून, दोन दिवस गाडीत बसून, अशाच आठ-दहा म्हाताऱ्यांबरोबर. बाकीच्या रडल्या, जेवल्या आणि बसमध्ये जाऊन बसल्या. ही मात्र रुईश्यानच्या गाडीपुढच्या बाकावर येऊन बसली आणि समोर ठेवलेल्या वाडग्याकडं नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, तू रोज इथंच असतेस का गं?"

"रोज. पाऊस असला तरी."

"मग माझं एक काम करशील? मला काही परत येणं व्हायचं नाही."

काम फार नव्हतं. वर्षातून एकदा, छिंगमिंगला, सगळे आपापल्या माणसांची थडगी झाडतात तेव्हा याचंही झाडायचं. दगड पुसायचा. नावाची तीन अक्षरं काळ्या रंगानं पुन्हा भरायची, तारा लाल. घोटभर दारू ओतायची. सिगारेट मात्र एकच पेटवून ठेवायची, लोक ठेवतात तशा तीन नाहीत, कारण तो पलटणीत गेल्यावर ओढायला शिकला होता आणि तसं पत्रात भीतभीत कबूल केलं होतं. "तीन ठेवल्यास तर सवय लागेल," म्हातारी म्हणाली. आणि शेवटी हाक मारायची. यान शौलिन म्हणून नाही. घरी त्याला दगड्या म्हणत. दोन पोरं आधी गेली होती, म्हणून दृष्ट लागू नये असं नाव. "मोठ्यानं मार. म्हण, दगड्या, आईनं विचारलंय."

नऊ वर्षं रुईश्याननं हे सगळं केलं. अगदी मनापासून केलं, हे कुणीही नाकारू नये. अकरावा टप्पा म्हणजे दोनशे साठ पायऱ्या. ती दारूची बाटली, रंगाचे दोन डबे, पाण्याचं भांडं घेऊन चढायची, हाक मारायची तेव्हा आजूबाजूची माणसं वळून बघायची, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. भाचीनं फोन घेऊन दिल्यावर ती फोटो काढून शौमेईला पाठवू लागली. शौमेई म्हणजे दगड्याची धाकटी बहीण, ती आईला दाखवायची. शेवटच्या वर्षी तर उत्साहात सात फोटो काढले, पाठवला त्यातला एकच. नाव, तारा, दारू, सिगारेट, सरूची झाडं, पुन्हा नाव, जरा तिरकं.

त्या बदल्यात शानतुंगहून दर थंडीत पार्सल यायचं. वाळलेली लाल बोरं, आणि बुटात घालायच्या कापडी सोलांचा जोड. म्हातारी ते स्वतः शिवायची, थरावर थर, शेवयांइतक्या बारीक टाक्यांनी. पार्सलाबरोबर फोनवर तिचा आवाज यायचा: "पायऱ्या चढणाऱ्या पायांसाठी हो."

मग त्या सात फोटोंच्या पुढच्या वर्षी रुईश्यानचा गुडघा सुजला. खरंच सुजला, सकाळी पलंगावरून उतरताना तिला भिंत धरावी लागत होती. छिंगमिंग आला, गेला. संध्याकाळी शौमेईचा निरोप आला, आई विचारतेय. रुईश्याननं गेल्या वर्षीच्या सातांतला एक फोटो पाठवला. या एकाच वेळेला, असं मनाशी म्हणाली.

पुढच्या वर्षी गुडघा बरा होता.

हे ती कुणाजवळ बोलली नसती. गुडघा बरा होता, आणि छिंगमिंगचा दिवस म्हणजे डोंगराखाली टोफू खाणाऱ्यांची रांग, आणि दोनशे साठ पायऱ्या, आणि फोनमध्ये पाच फोटो पडलेले. दगड्या कुठं पळून चालला होता? तिसऱ्या वर्षी तिला निवडताना फारसं काही वाटलंही नाही. फक्त पार्सल आलं की वाटायचं. ते जोड तिनं घातले नाहीत. तीन जोड ट्रंकेत ब्लँकेटच्या खाली होते, आणि ब्लँकेट काढायची वेळ आली की ती डोळे दुसरीकडं करून काढायची.

यंदा छिंगमिंगच्या दिवशी ती उजाडताच निघाली. डोंगरावर धुकं उतरलं होतं. पिशवीत जुने दोन डबे, ब्रश, चिंध्या, दारू. दुपारी बाई यायच्या आत सगळं चकचकीत करून ठेवायचं, आणि मग खाली येऊन तिच्याबरोबर पुन्हा चढायचं, नेहमीसारखं. एवढंच. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

फाटकावर म्हातारा मेंग चहाची बरणी छातीशी धरून बसला होता. हा त्याच लढाईतला; डावा हात कोपरापाशी संपतो. तिला बघून त्यानं बरणीचं झाकण लावलं.

"आलीस होय. मला वाटलं, तुझा गुडघा अजून रजेवर आहे."

"मेंगदादा, सकाळी सकाळी नको."

"मी कुठं काय म्हणालो? चार वर्षांनी माणूस दिसलं की चौकशी करू नये?"

तिनं दोन पायऱ्या चढून मागं वळून बघितलं. "दादा, कुणी विचारलं तर..."

"तर काय?"

"काही नाही."

"मग बरं. मी फाटकाचा माणूस आहे. फाटक उघडायचं, लावायचं. खोटं बोलायचं काम माझ्या नेमणुकीत नाही."

सातव्या टप्प्यावर ती बसली, नवव्यावर पुन्हा बसली. अकराव्यावर पोचली तेव्हा धुक्यातून थडगी अर्धी दिसत होती आणि तिला थडगं सापडेना.

डावीकडून पाचवं. असं तिला पक्कं आठवत होतं. डावीकडून पाचवं कुणा भलत्याचंच होतं, सिच्वानकडचा कुणी. तिनं सहावं बघितलं, चौथं बघितलं, ओळ संपवली. शेवटी फोन काढला, त्यातला जुना फोटो उघडला, आणि मागच्या सरूच्या झाडाची फांदी जुळवत जुळवत, अनोळखी गावात पत्ता शोधावा तशी फिरत राहिली. उजवीकडून पाचवं होतं. या फोटोचा चार वर्षांत हा पहिला खरा उपयोग.

झाडलोट झालेली होती. शाळेतली पोरं दरवर्षी सगळीच थडगी झाडतात आणि प्रत्येकावर पांढरं कागदी फूल ठेवतात. पण रंग भरणं घरच्यांचं काम. शेजारच्या दगडांवर नावं ताजी काळी, ठसठशीत, पुढं संत्री, बाटल्या. दगड्याच्या दगडावर नुसते खड्डे. कुठं खपली, कुठं शेवाळ. नाव वाचायचं तर बोट फिरवावं लागत होतं.

तिनं दगड धुतला. मग काळ्या रंगाचा डबा उघडला. आत रंगाची वडी झाली होती, दगडासारखी, आणि शेवटच्या वेळी तिनं तसाच टाकलेला ब्रश त्यात उभा रुतलेला. ओढला तर डबाच वर आला.

लाल मात्र पातळ होता. गेल्याच महिन्यात तिनं त्यानं गाडीवरची पाटी रंगवली होती.

आता या मुलखात लहान पोरालाही ठाऊक असतं की दगडावर काळं नाव मेलेल्याचं, लाल नाव जित्याचं. रुईश्यानच्या नवऱ्याच्या थडग्यावर त्याच्या शेजारी तिचंही नाव कोरून ठेवलंय, लाल. ती गेली की लेक त्यावर काळा फिरवील. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दुकानं नऊला उघडणार, पुन्हा उतरा, पुन्हा चढा. आणि पलीकडच्या तालुक्यात म्हणे सैनिकांच्या दगडांवर सगळंच लाल असतं. आणि शानतुंगच्या लोकांची रीत कोण जाणे काय आहे. असं एकेक मनाशी जुळवत तिनं दुसरा ब्रश लाल डब्यात बुडवला. यान झालं. शौ झालं. लिनची पहिली उभी रेघ ओढली, आणि तिच्या डोळ्यांपुढं तिचं स्वतःचं नाव आलं, नवऱ्याशेजारी, लालभडक, वाट बघत असलेलं. तिचा हात थांबला.

ती चिंधीनं पुसायला लागली. ओल्या दगडावरचा ओला रंग. पुसला तसा पसरला. तिनं दारू ओतून पुसलं. दगडाच्या छातीवर आता गुलाबी डाग पडला होता आणि खड्ड्यांमधली अक्षरं मात्र तशीच, आणखीच उठून दिसणारी.

खालून धापा ऐकू आल्या. कुणीतरी थांबत थांबत चढत होतं. रुईश्याननं चिंधी पिशवीत कोंबली, आणि मग काय करावं ते न सुचून हात पाठीमागं घेतले.

"रुईश्यानताई?"

आवाज ओळखीचा होता, फोनमधला. बाई ठेंगणी, रुंद, पाठीवर सॅक, आणि गळ्यात एक कापडी पिशवी पोटाशी धरलेली. "लवकरची बस मिळाली," ती म्हणाली. एवढंच. रुईश्यानच्या उत्तराची वाट न बघता ती तिच्या शेजारून पुढं गेली, दगडापुढं उभी राहिली, आणि तिनं नावावर तळवा ठेवला.

बराच वेळ तो तिथंच होता. मग तिनं उचलून बघितला.

"ओलंय."

"सकाळीच जरा... म्हटलं तुम्ही येणार, तर ताजं..."

"लाल?"

"काळा वाळून गेला होता."

शौमेईनं खाली पडलेला डबा उचलला. त्यात उभा असलेला ब्रश हलवून बघितला. "असा वाळायला किती दिवस लागतात?"

सरूवरून धुक्याचं पाणी टपटपत होतं.

शौमेईनं डबा होता तिथं ठेवला आणि सॅक उघडली. घरचे वाफवलेले पाव निघाले, दोन दिवसांच्या प्रवासानं कडक झालेले. छोटी बाटली. सिगारेटचं पाकीट. तिनं सगळं नीट मांडलं, कडा एका रेषेत येतील असं. गळ्यातली पिशवी मात्र उघडली नाही. "आधी तुम्ही हाक मारा," ती म्हणाली. "आई सांगून गेलीय. म्हणाली, तू एकदम हाक मारू नकोस, तू सतरा वर्षांची होतीस तो गेला तेव्हा, तुझा आत्ताचा घोगरा आवाज ऐकून तो दचकेल. त्या ताईच्या आवाजाची त्याला सवय आहे."

रुईश्यान दगडापुढं आली. तिनं तोंड उघडलं. नऊ वर्षं ही हाक तिनं बाजारात टोफू विकताना मारावी तशी मोकळ्या गळ्यानं मारली होती. आता जीभच उचलेना. समोर ते लाल नाव, अडीच अक्षरांचं.

"मी चार वर्षं आले नाही," ती म्हणाली.

ती हे नक्की कुणाला म्हणाली हे तिलाही कळलं नाही. बघत दगडाकडंच होती.

"माहितीये," शौमेई पाठीमागून म्हणाली.

रुईश्यान वळली.

"आईला अक्षर येत नव्हतं," शौमेई म्हणाली. पायरीच्या कठड्यावर बसून ती रुमालानं तळवा पुसत होती, एकेक बोट. "पण फोटो बघायला बसली की तासभर बघायची. दुसऱ्या वर्षी म्हणाली, मेई, हे बघ, सिगारेटची राख. गेल्या वेळी एवढीच होती ना? वाकलेली, अर्ध्या बोटाची? मी म्हटलं, असेल. तिसऱ्या वर्षी म्हणाली, माझं पोर कसली सिगारेट ओढतंय, संपतच नाही. आणि हसली. चांगली खो खो हसली. मी नाही हसले."

"मग विचारलं का नाही मला?"

"मी फोन हातात घेतलाच होता. चांगली झाडणार होते तुम्हाला. तर तिनं काढून घेतला. म्हणाली, विचारू नकोस. तिला लाज वाटेल, आणि लाज वाटली की माणूस तोंड लपवतं, फोटोही बंद होईल. मग मी वर्षातनं एकदा काय बघू? जुना तर जुना, त्याचाच आहे ना?" शौमेईनं रुमालाची घडी घातली, लाल बाजू आत. "आणि म्हणाली, तिचे पाय दुखत असतील बिचारीचे. यंदा सोल जाड करते."

ट्रंकेतले जोड जाड होते. रुईश्यानला ते जाणवलं होतं. हातात घेऊन तिला वाटलं होतं, म्हातारीची सुई आता बोथट झाली, पूर्वीसारखं बारीक काम राहिलं नाही. असं तिला वाटलं होतं आणि तिनं ते ब्लँकेटखाली सारले होते.

तिला बसावंसं वाटलं, पण त्या बाईच्या शेजारी बसवेना, आणि जमिनीवर बसली तर नाटक दिसेल असं वाटलं. ती उभीच राहिली. कान गरम झाले होते, शाळेत असताना व्हायचे तसे, त्रेसष्टाव्या वर्षी.

"मी आईसारखी नाहीये ताई," शौमेई म्हणाली. "आधीच सांगते. दोन दिवस गाडीत मी तुम्हाला काय काय बोलायचं ते घोकत आले. निरोपात लिहिलं ना, डोकं टेकवायचंय म्हणून? ते टोचायला लिहिलं होतं."

"टोचलं."

"बरं झालं."

"मग बोला ना. जे घोकलंय ते बोला."

शौमेईनं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय बोलू? तुमच्या नाकालाही लाल लागलाय. असं तोंड समोर असताना माणसाला धड भांडता येतं का?" तिनं नावाकडं बोट केलं. "तुमच्याकडंही लाल म्हणजे जिवंतच ना?"

"हो."

"आई असती तर म्हणाली असती, राहू दे गं, एक दिवस तरी राहू दे तसंच. मी नाही ठेवणार. तो गेलाय. त्याला गेलेलाच राहू द्या, उगाच लटकवू नका. काळा कुठं मिळतो?"

"खाली. बाजारात. मी आणते."

"मीच जाते, तुमचा गुडघा..."

"तुम्ही बसा त्याच्यापाशी," रुईश्यान म्हणाली. तिच्या आवाजात प्रथमच थोडा बाजारातला जोर आला. "दोन दिवसांची वाट तुडवून तुम्ही दुकानं शोधायला नाही आलात."

ती पिशवी घेऊन वळली तेव्हा शौमेईनं सॅकच्या पुढच्या खिशातून काहीतरी काढून तिच्यापुढं धरलं. कापडी सोल होता. एकच. टाके लांबलांब, वाकडे, शेवटाकडं तर नुसते चाचपडलेले.

"यंदाचा. उजवा झाला. डावा अर्ध्यात राहिला, तो तिच्याबरोबर दिला."

रुईश्याननं तो दोन्ही हातांनी घेतला आणि पिशवीत ठेवायला गेली.

"घाला," शौमेई म्हणाली. "चढायलाच केलाय."

तिच्यादेखत, पायरीवर बसून, उजवा बूट काढून तिनं तो आत घातला. बूट पटकन चढेना. शौमेई दुसरीकडं बघत राहिली नाही. चांगली बघत राहिली.

दोनशे साठ पायऱ्या. उजवा पाय डाव्यापेक्षा अर्धं बोट उंच झाला होता. गुडघा प्रत्येक पायरीला बोलत होता आणि रुईश्यानला त्याचं बोलणं ऐकायला बरं वाटत होतं. निदान आता तो खरं बोलत होता.

फाटकावर मेंग उठून उभा राहिला. "भेटली का ती? सातलाच आली बघ. मला विचारत होती, ताई दरवर्षी किती वाजता येतात म्हणून."

"मग?"

मेंगनं बरणीतल्या चहात बघितलं. "म्हटलं, माझे डोळे अधू झालेत. येणारं जाणारं दिसत नाही हल्ली."

तिला वाटलं होतं आता यापेक्षा खाली काही उरलं नसेल. उरलं होतं.

"दादा, तिला ठाऊक होतं."

"मग मला कशाला खोटं बोलायला लावलंस?"

"मी कुठं लावलं?"

"तेच तर," म्हातारा म्हणाला आणि बसला.

दुकानदार शटर वर करत होता. लाल परवाच नेलास ना, म्हणाला, पाटीला काळा कशाला? रुईश्यान म्हणाली, पाटीला नाही, नावाला. छोटा डबा आणि नवा ब्रश घेऊन ती निघाली. तिच्या गाडीपुढं गिऱ्हाइकं उभी होती. शेवयांवाली हातवारे करून विचारत होती, कधी उघडतेस. रुईश्याननं डबा उंच करून दाखवला, जणू त्यात उत्तर होतं, आणि वळली.

दहाव्या टप्प्यावर तिला वरून आवाज आला. शौमेई बोलत होती, तिकडच्या तिच्या बोलीत, भरभर. बोरांच्या झाडाबद्दल काहीतरी, कुणाच्या तरी लग्नाबद्दल, मग आई कशी गेली ते. हाक तिनं मारली की नाही कोण जाणे. आता तर गप्पाच चालल्या होत्या. दगड्या दचकला असला तरी सावरला असणार. रुईश्यान डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिली. पायात कळ होती, पण या वेळी वर जाणं योग्य नव्हतं आणि खाली जाणं तर नव्हतंच. आवाज थांबला, नाक शिंकरल्याचं ऐकू आलं, तेव्हा ती उठली.

थडग्याच्या पायाशी नवी माती पडली होती, पिवळसर, इथल्या तांबड्या मातीवर वेगळी दिसणारी. पिशवी रिकामी घडी करून ठेवलेली.

रुईश्याननं रंग भरला. हळूहळू, श्वास धरून. लाल पूर्ण वाळला नव्हता, म्हणून काळ्याखालून तो कडेला फुटत राहिला. कितीही निगुतीनं ओढलं तरी प्रत्येक रेघेला बारीक लाल काठ राहिला. गुलाबी डाग तर होताच.

"हे निघायचं नाही," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी खरवडून पुन्हा भरावं लागेल."

"भरा मग," शौमेई म्हणाली. आणि जरा थांबून, "मी फोटो मागणार नाही."

"नका मागू."

"आणि तुम्ही आला नाहीत तरी मी काही आईसारखी हसणार नाही."

"नका हसू."

शौमेईनं पाकिटातून एक सिगारेट काढली, स्वतःच ओढून पेटवली, खोकली, आणि दगडाच्या कडेवर ठेवली. धुकं विरत चाललं होतं. खालच्या टप्प्यांवर माणसं यायला लागली होती, पोरांना हाका मारत, पिशव्या सांभाळत. रुईश्यानचा फोन खिशात दोनदा वाजला; शेवयांवाली असणार. तिनं काढला नाही.

"तुमची हाक राहिलीय," शौमेई म्हणाली.

रुईश्यान दगडापुढं वाकली. हाक निघाली ती बाजारातली नव्हती, जेमतेम दगडापर्यंत पोचेल एवढीच. "दगड्या," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिला पाठ होतं, आईनं विचारलंय. पण विचारणारी आता त्याच्याच पायाशी येऊन पडली होती, आणि रुईश्यानला स्वतःचं असं काही वाक्य सापडेना.

राख लांब झाली, वाकली. अर्ध्या बोटाएवढी झाली तेव्हा शौमेईनं तिच्याकडं बघितलं आणि तिनं शौमेईकडं. मग राख पडली.

"निघायचं का?" शौमेईनं विचारलं. "गुडघा दुखत असेल तुमचा."

"दुखतोय," रुईश्यान म्हणाली. "सिगारेट संपू दे पूर्ण."